धुक्यातलं एचडी

जव्हारला आषाढात समोरच्या माणसाशी भांडायचं असेल तर आधी तो घरात आहे का, हे विचारून घ्यावं लागतं. धुकं असं उतरतं की समोरचं घर, घरापुढचा फणस आणि फणसाखालची म्हैस हे सगळं आपण केवळ आठवणीवर धरून चालतो. एकदा पडवीच्या टोकाशी कुणीतरी उभं दिसलं म्हणून मी चांगली पाच मिनिटं ‘या की आत, भिजताय कशाला’ असं म्हणत होतो. पाहुणा हलेना, बोलेना. मला वाटलं, रागावलाय. वाऱ्याची झुळूक आली, धुकं फाटलं, तेव्हा कळलं की पाहुणा म्हणजे खुंटीला अडकवलेला माझाच रेनकोट.

ज्या गावात वर्षातले तीन महिने माणूस आणि रेनकोट यांत फरक करता येत नाही, त्या गावात मी एचडी टीव्ही आणला. बाहेर म्हैस दिसत नाही, पण आत मेलबर्नच्या गोलंदाजाच्या नाकावरचा घामाचा थेंब दिसतो. विज्ञानाची ही प्रगती पाहून माझा ऊर भरून येई. म्हशीचं काय म्हणणं होतं ते कळलं नाही.

मी शिक्षक. राहायला जव्हारला, नोकरी मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर. दोन्हीकडे टीव्हीच्या डिशला ‘छत्री’ म्हणतात. त्यामुळे आमच्याकडे छत्रीच्या दोन जाती: पावसाची छत्री आणि टीव्हीची छत्री. पहिली पाऊस आला की उघडते, दुसरी पाऊस आला की मिटते. बाकी दोघींत फारसा फरक नाही. दोन्ही शेजाऱ्याच्या जास्त चांगल्या असतात.

या छत्र्या आपल्याकडे उगवल्या त्या पावसाळ्यात कुत्र्याच्या छत्र्या उगवाव्यात तशा, एकदम. २००३ साली डिश टीव्हीची आली. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनने महिन्याचं भाडं नसलेली छत्री आणली, तिलाच आता फ्री डिश म्हणतात. ऑगस्ट २००६ मध्ये टाटा स्काय, २००७ मध्ये सन डायरेक्ट, २००८ मध्ये रिलायन्सची बिग टीव्ही आणि एअरटेल, २००९ मध्ये व्हिडिओकॉन. सहा वर्षांत सात छत्र्या. एवढ्या वेळात आमच्याकडे रस्त्याचा एक खड्डासुद्धा बुजत नाही.

या सगळ्या छत्र्यांचं तोंड आग्नेयेला. उपग्रह विषुववृत्ताच्या वर, आणि आपण त्यांच्या वायव्येला, म्हणून ही सक्ती. वास्तुशास्त्रात आग्नेय दिशा चुलीची. कंपन्यांची चूल नेमकी त्याच दिशेला पेटते, हा योगायोग मानायला मी तयार नाही. पण तोंड एका दिशेला असलं तरी मान सारखी नसते. जव्हार आहे ७३ अंश पूर्व रेखांशावर. टाटाचा उपग्रह ८३ अंशांवर, व्हिडिओकॉनचा ८८, फ्री डिशचा ९३.५, डिश टीव्हीचा ९५ आणि एअरटेलचा थेट १०८ अंशांवर. म्हणजे टाटाची छत्री दक्षिणेकडे झुकून बघणार आणि एअरटेलची पूर्वेकडे मान वळवून. आमच्या गल्लीतली जाणती माणसं नुसत्या मानेवरून घराची कंपनी ओळखतात. लग्नाचं स्थळ बघायला गेलं की पूर्वी गोठ्यातली जनावरं मोजायचे. आता छपराकडे एक नजर टाकतात आणि आपसांत पुटपुटतात, ‘एचडी दिसतंय.’

खरं तर एचडी छपरावरून दिसत नाही. छत्री तीच असते, आतला डबा तेवढा वेगळा. पण हे सांगून कुणाचं लग्न कशाला मोडायचं?

एचडीची लढाई सुरू झाली २०१० साली. त्या ऑक्टोबरात दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धा दूरदर्शनने एचडीत दाखवल्या आणि त्याच सुमारास खासगी कंपन्यांनी एकमेकींकडे बघून दंड थोपटले. जाहिरातींत एकीकडून शाहरुख, दुसरीकडून आमिर. अडचण एकच होती. लढायला एचडी चॅनेल फारसे नव्हतेच. होते त्यांत वाघ, सिंह आणि माशांचे जास्त. मग मोजणीत कला आली. कुणी नुसते चॅनेल मोजी, कुणी ‘चॅनेल आणि सेवा’ मिळून मोजी. साधं चित्र ताणून मोठं केलं की तेही मोजणीत घेता येई. आमच्या केंद्रातल्या एका शाळेत तपासणीच्या दिवशी पट भरावा म्हणून बालवाडीतली मुलं पहिलीच्या वर्गात आणून बसवली होती, त्याची मला आठवण झाली. कंपन्यांचा हिशेब मला लगेच समजला. त्यांच्यात कुणीतरी शिक्षकाचा मुलगा असणार.

हिशेब मात्र मी स्वतः करून पाहिला. साध्या चित्रात आडवे ७२० आणि उभे ५७६ ठिपके, म्हणजे ४,१४,७२०. पूर्ण एचडीत १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६००. भागाकार केला तर बरोबर पाच येतो, बाकी शून्य. हे उदाहरण मी पाचवीच्या मुलांना घातलं. उत्तर सगळ्यांचं बरोबर आलं. मग एका मुलाने विचारलं, “गुरुजी, पाचपट दिसतं म्हणजे पाचपट लांबचं दिसतं का?” मी म्हणालो, “नाही, जे आहे तेच पाचपट नीट दिसतं.” तो जरा विचार करून म्हणाला, “मग काय उपेग?” या प्रश्नाचं उत्तर मी बरीच वर्षं शोधत होतो.

कंपन्यांमधली ही घनघोर लढाई आमच्या गावात एकटा मुलगा लढतो. बस स्टँडच्या बाजूला त्याचं छोटं दुकान. झेरॉक्स, मोबाईलचा रिचार्ज, पासपोर्ट फोटो आणि चार कंपन्यांच्या छत्र्या. चारही कंपन्यांचे फलक एकाच पत्र्यावर, आणि प्रत्येक फलकावर तीच कंपनी एक नंबर. चार सवती एका घरात इतक्या गुण्यागोविंदाने नांदताना मी पुराणातही वाचलेल्या नाहीत. मी त्याला विचारलं, “कुठली चांगली रे?”

“सर, तुमच्याकडे आत्ता कुठली आहे?”

मी सांगितलं.

“ती सोडून कुठलीही.”

पुढे कळलं, हे उत्तर तो सगळ्यांनाच देतो. त्यामुळे आमच्या गल्लीत कंपन्या गोल गोल फिरत राहिल्या. माझी शेजाऱ्याकडे गेली, शेजाऱ्याची पलीकडे, पलीकडची माझ्याकडे आली, आणि दर फेरीला त्या मुलाच्या दुकानात एक नवी वस्तू आली. आधी खुर्ची, मग पंखा, मग मोटरसायकल. स्पर्धेचा फायदा शेवटच्या माणसापर्यंत पोचतो असं अर्थशास्त्रज्ञ म्हणतात ते खोटं नाही. फक्त शेवटचा माणूस कोण, हे आधी बघून घ्यावं.

२०१८ साली डिश टीव्ही आणि व्हिडिओकॉन डीटूएच या दोन कंपन्या एक झाल्या, तेव्हा आमच्या गल्लीत बिकट प्रसंग उभा राहिला. कोणाचे एचडी चॅनेल जास्त, यावरून दोन शेजाऱ्यांची तोंडं चार वर्षं एकमेकांकडे नव्हती. एका सकाळी पेपरात आलं की आता सगळं एकच. लेकीने पळून जाऊन लग्न करावं आणि बापांना पेपर वाचून कळावं, तसे ते दोघे ओट्यावर बसून राहिले. शेवटी एकाने तंबाखू मळली आणि दुसऱ्यापुढे हात केला. टाटा स्कायचं २०२२ साली टाटा प्ले झालं, पण गावाने ते नाव अजून मनावर घेतलेलं नाही. सासरी गेलेल्या मुलीला माहेरी जुन्याच नावाने हाक मारतात, तसं चालू आहे. आणि बंद पडलेल्या एका कंपनीची छत्री आमच्या मागच्या अंगणात आहे. ती आता खऱ्या अर्थाने बहुउपयोगी झाली आहे. उन्हाळ्यात तिच्यात मिरच्या वाळतात, पावसाळ्यात ती कोंबड्यांच्या खुराड्यावर असते. एवढी चांगली सेवा तिने चालू असताना कधी दिली नव्हती.

मी एचडी घेतलं ते सचिनसाठी. नोव्हेंबर २०१३. वानखेडेवर वेस्ट इंडिजविरुद्धची त्याची शेवटची कसोटी. चोवीस वर्षं ज्याला मुंग्यांमधून, रेघांमधून, अँटेना फिरवत पाहिलं, त्याला निरोप तरी नीट द्यावा, एवढाच भाव. डबा आला, दुकानवाल्या मुलाने जोडला, गल्ली गोळा झाली. सचिन ७४ वर बाद झाला तेव्हा खोलीत कुणी बोललं नाही. सामना संपल्यावर तो भाषणाला उभा राहिला तेव्हा त्याच्या डोळ्यांतलं पाणी मला इतकं स्वच्छ दिसलं की पुढची दोन वर्षं मी ते भेटेल त्याला सांगत होतो. शिक्षकांच्या खोलीत, केंद्रप्रमुखांपुढे, एसटीत. “साध्यावर नाही दिसत हो ते. एचडीलाच दिसतं. पापणीवर थेंब थांबला होता.”

दोन वर्षांनी तो मुलगा दुसऱ्याच कामाला घरी आला आणि टीव्हीच्या मागे डोकावला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. डॉक्टर एक्स-रे बघून नातेवाइकांकडे बघतात, तसं.

“सर, ही पिवळी-लाल-पांढरी वायर कुणी लावली?”

“तूच.”

“ही जुनी वायर आहे, सर. हिच्यातून एचडी येतच नाही. त्या दिवशी दुसरी संपली होती म्हणून तात्पुरती लावली असेल. नंतर राहून गेलं.”

दोन वर्षं मी दर महिन्याला एचडीचे जादा पैसे भरत होतो आणि साधंच बघत होतो. वाईट पैशांचं वाटलं नाही. ते थेंबाचं वाटलं. तो मग कुणाच्या डोळ्यांत होता? बराच विचार केल्यावर लक्षात आलं, तो माझ्याच डोळ्यांत होता. म्हणूनच इतका जवळ दिसला.

नवी वायर लावली. चित्र बदललं का, हे मी अजून सांगू शकत नाही. बायकोला विचारलं तर म्हणाली, “अहो, आधीचंच चांगलं होतं, तुम्ही केवढं कौतुक करायचात त्याचं.” त्या मुलाला मी पन्नास रुपये जास्त दिले आणि बाहेर बोलू नको म्हणालो. त्याने ते घेतले आणि म्हणाला, “काळजी करू नका, सर. निम्म्या गावाची वायर पिवळीच आहे.”

आता पावसाचं. उपग्रह असतो सुमारे ३६ हजार किलोमीटर उंच. तिथून निघालेल्या लहरी निर्वात पोकळी, ऊन, थंडी सगळं पार करून येतात आणि शेवटच्या चार-पाच किलोमीटरांत जव्हारचा पाऊस त्यांना अडवतो. लहरी अडीच-एक सेंटीमीटर लांबीच्या, पावसाचे थेंब जाडजूड. थेंब त्यांना शोषून घेतात, इकडेतिकडे उधळून देतात. नाशिकहून निघालेली एसटी त्र्यंबक ओलांडून, घाट उतरून, मोखाडा मागे टाकून येते आणि जव्हारच्या वेशीत पंक्चर होते, त्याच जातीचा हा प्रकार. त्यातही आमच्याकडे आधी एचडी जातं, मग साधं. एचडीवाला ओट्यावर येऊन आकाशाकडे बघू लागला की साधेवाले खिडकी उघडी ठेवून टीव्हीचा आवाज मोठा करतात. वर्षभर सोसलेल्या अपमानाचं उट्टं काढायला त्यांना दहाच मिनिटं मिळतात. ती ते वाया घालवत नाहीत. मग पाऊस वाढतो, त्यांचंही चित्र चौकोन चौकोन होऊन फुटतं आणि गल्लीत समता नांदते.

एकदा भर मालिकेत सिग्नल गेला तेव्हा मी कंपनीच्या माणसाला फोन लावला. कुठली कंपनी ते सांगत नाही, ती सोडून कुठलीही चांगली असं मी आता म्हणत नाही. पलीकडच्या माणसाने फार अदबीने विचारलं, “सर, आपल्या भागात पाऊस आहे का?” मी म्हणालो, “आहे.” “मग पाऊस थांबल्यावर सिग्नल येईल.” “पाऊस आठ दिवसांनी थांबेल.” थोडा वेळ शांतता. मग तो म्हणाला, “तोपर्यंत आपल्याला आमच्या नव्या एचडी पॅकची माहिती देऊ का?”

२०१९च्या फेब्रुवारीत सरकारी नियामकाने नवा नियम लागू केला. ज्याला जो चॅनेल हवा तोच घ्या, त्याचेच पैसे द्या. आधी १३० रुपये आणि त्यावर कर मिळून १५३ रुपये ४० पैसे भरा, त्यात १०० चॅनेलांची जागा मिळेल. पैशाच्या चॅनेलाची किंमत वेगळी. चॅनेल गठ्ठ्यात विकायचा तर त्याची सुटी किंमत १९ रुपयांच्या वर नको, असा दंडक निघाला आणि बऱ्याच नामवंत चॅनेलांना आपली खरी किंमत नेमकी १९ रुपयेच असल्याचा साक्षात्कार झाला. आणि मेख शेवटी होती: त्या शंभरांत एक एचडी चॅनेल दोन जागा धरणार. म्हणजे एसटीत एखादे धिप्पाड गृहस्थ बाकावर बसतात आणि तिकीट एक असलं तरी बूड दोघांचं टेकतं, तसं.

घरी त्या रात्री बैठक बसली. कागद, पेन, कॅल्क्युलेटर. आयुष्यात पहिल्यांदा प्रत्येकाला आपल्याला नेमकं काय बघायचंय हे ठरवायची वेळ आली, आणि कुणालाच ते सांगता येईना. मुलाला सगळे खेळ हवे होते, बायकोला सगळ्या मालिका. मी म्हणालो, मला फक्त बातम्या. मग बायकोने शांतपणे विचारलं, “अहो, वाघसिंहांचं कोण बघतं मग रात्री अकराला?” आईला विचारलं. ती कोपऱ्यात बसून वाती वळत होती. ती म्हणाली, “मला कुठलाही लावा. मला सगळ्यांत धुकंच दिसतं.”

आम्ही हसलो. जव्हारमध्ये धुकं दिसतं यात नवल काय? ती पावसाळ्यात धुकं आहे म्हणायची, खरं असायचं. थंडीत म्हणायची, तेही पटायचं. शेवटी एप्रिल महिन्यात, डांबर वितळत होतं अशा भर दुपारी ती म्हणाली, “आज धुकं जरा जास्तच आहे.” तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. दुसऱ्या कुठल्याही गावात तो दोन वर्षं आधी सापडला असता.

मोतीबिंदूची गोष्ट पुढे येते. त्याआधी माझ्या शाळेच्या पाड्यावर जाऊ. तिथे लढाई वगैरे नाही. तिथे बहुतेक फ्री डिश, एकदा पैसे टाकले की संपलं. दिवाळी झाली की निम्मा पाडा भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर निघतो. भांडी, अंथरूण, कोंबडी आणि छत्री. एकदा पटावरची मुलं शोधायला मी भट्टीवर गेलो. झोपडीला दार नव्हतं, छपराला प्लास्टिक होतं, आणि बाहेर विटांच्या उतरंडीत छत्री रोवलेली होती, मान अचूक आग्नेयेला. ज्या माणसाला मोबदल्याचा हिशेब कुणी नीट सांगत नाही, त्याने उपग्रहाचा कोन कुणाला न विचारता धरला होता. मला कौतुक वाटलं आणि शाळेत शिकवलेल्या कोनमापकाची थोडी लाजही वाटली.

आमचा भाग टीव्हीवर दोनदा दिसतो. पावसाळ्यात दाभोसाचा धबधबा आणि उन्हाळ्यात हंडे. १९९२ साली वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं गेली तेव्हा सगळा देश आमच्याकडे बघायला आला होता, ते साध्या चित्रात. हल्ली एचडीत येतात. दर मे महिन्यात मोखाड्याच्या कुठल्यातरी कोरड्या विहिरीवर कॅमेरे लागतात. याच तालुक्यात मुंबईला पाणी देणारं मध्य वैतरणा धरण आहे, १०२ मीटर उंच. त्याचं पाणी कॅमेऱ्यात फार सुंदर दिसतं, तळ दिसावा इतकं स्वच्छ. एका वर्षी पाड्यावरच्या बायका टीव्हीवर आल्या. सगळे आमच्या शाळेच्या टीव्हीपुढे जमले. डोक्यावर हंडे घेतलेली रांग, आणि एका बाईच्या हंड्याला पडलेला मोठा पोचा अगदी ठळक. बाया हसून लोटपोट झाल्या. त्या बाईंचं तोंड एवढंसं झालं. पुढच्या वर्षी चॅनेलवाले पुन्हा आले तेव्हा त्यांनी ठेवणीतला नवा कोरा हंडा काढला होता. चकाकत होता अगदी. विहिरीची वाट मात्र आधी होती तेवढीच लांब होती.

त्या पोरट्याच्या ‘काय उपेग’चं अर्धं उत्तर मला मोखाड्याच्या बोहाड्यात सापडलं. हा जगदंबेचा उत्सव. रात्र चढली की संबळ घुमतो, पिपाणी लागते, टेंभे पेटतात आणि एकेक सोंग मुखवटा चढवून नाचत येतं. गणपती येतो, सरस्वती येते, नृसिंह, रावण. कुठलं सोंग कोणाच्या घराण्याने नाचवायचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. पॅक ठरलेला, क्रम ठरलेला, रिमोट कुणाच्या हातात नाही. पहिल्यांदा बघणाऱ्याला सोंग डुलत डुलत पुढ्यात आलं की दोन पावलं मागे सरावंसं वाटतं. एवढं जवळचं दृश्य कुठल्याही कंपनीला अजून जमलेलं नाही.

त्या वर्षी माझ्या मुलाने ते मोबाईलवर टिपलं, वर दिवा लावून. दुसऱ्या दिवशी टीव्हीला जोडून आम्ही पाहिलं. वीस लाख ठिपके कामाला लागले. रावणाच्या कानामागचा रंग उडाला होता आणि आतल्या कागदावरची अक्षरं वाचता येत होती. कांद्याचे भाव होते. नाशिक बाजार समितीचे. आदल्या रात्री ज्याला बघून मी मुलाचा हात घट्ट धरला होता, तो रावण आता क्विंटलला किती, एवढंच बघायचं उरलं. मी हे गंमत म्हणून सोंग नाचवणाऱ्या एका म्हाताऱ्या बाबांना सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, “गुरुजी, देव टेंभ्याच्या उजेडात बघायचा असतो. तुम्ही बॅटरी मारली, तर कागदच दिसणार.”

उरलेलं अर्धं उत्तर घरात मिळालं.

सरकारी शिबिरात आईच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. आत भिंग बसवलं, पट्टी, थेंब, काळा चष्मा. पैसे काही नाहीत. महिन्याचं भाडं नाही, पावसात बंद पडत नाही, दोन जागा धरत नाही. इतकी वर्षं ज्यासाठी सहा कंपन्या एकमेकींच्या उरावर बसल्या होत्या, ते आईला पंधरा-वीस मिनिटांत फुकट मिळालं.

चष्मा निघाला त्या संध्याकाळी ती टीव्हीपुढे बसली. मराठी मालिका एचडीत येऊ लागल्या २०१६ मध्ये, पण आईच्या घरी त्या पोचल्या त्या दिवशी. ती बराच वेळ एकटक बघत राहिली. मग म्हणाली, “अगंबाई, हिला मी इतकी वर्षं गरीब गाय समजत होते. डोळे बघा मेलीचे!” पाच मिनिटांनी: “यांच्या वाड्याचा खांब लाकडाचा नाहीये. रंगवलाय.” आणखी थोड्या वेळाने: “सासूपेक्षा सून मोठी आहे वयाने.” मालिका आईच्या मनातून त्या एकाच संध्याकाळी उतरल्या.

मग तिची नजर टीव्हीवरून निघाली आणि घरावर आली. इथून खरा प्रसंग सुरू झाला. “त्या कोपऱ्यात जळमट आहे.” होतं. “तवा घासलेला नाही नीट.” नव्हता. “दिवाळीला घेतलेली साडी हिरवी म्हणून दाखवलीत मला, ही तर मोरपंखी आहे.” बायको तिच्यामागे केरसुणी घेऊन फिरू लागली. चौथ्या दिवशी आईने मला उजेडात उभं केलं, हनुवटी धरून चेहरा इकडून तिकडून फिरवला आणि हळूच विचारलं, “तू एवढा म्हातारा कधी झालास रे?”

मला काही बोलता येईना. तिलाही पुढे काही बोलता येईना. ती वाती वळायला बसली.

दुसऱ्या डोळ्याची तारीख आली. मी रजा टाकली, गाडी ठरवली. सकाळी आई तयारच होईना. म्हणाली, “मला नाही करायचा तो डोळा.”

“अगं, फुकट आहे. दुखत पण नाही. दोन्ही डोळ्यांनी स्वच्छ दिसेल.”

“तेच नको. एक राहू दे तसाच.” ती ठामपणे म्हणाली. “सगळ्यालाच स्वच्छ बघून काय करू? या डोळ्याने टीव्ही बघेन, तांदूळ निवडेन. त्याने तुम्हाला बघेन.”

बस स्टँडवरच्या त्या मुलाला मी हे सांगितलं. तो झेरॉक्स काढता काढता म्हणाला, “बरोबर आहे काकूंचं, सर. कंपन्या पण तेच करतात. एचडी काढलं म्हणून साधा चॅनेल कुठे बंद केला कुणी?”

आता आषाढ लागलाय. समोरची म्हैस पुन्हा दिसेनाशी झाली आहे. रेनकोट पडवीत पाहुण्यासारखा उभा आहे. संध्याकाळी मी शाळेतून भिजून येतो, सिग्नल असला तर आई उजव्या डोळ्याने कुणाची तरी सून तपासत असते. माझी चाहूल लागली की ती टीव्हीवरची नजर काढते, उजवा डोळा मिटते आणि माझ्याकडे बघून म्हणते, “आज बरा दिसतोयस.”